अकरा पिशव्यांची माती

मृदाशास्त्रात एम.एस्सी. करताना आम्ही सात जण होतो. एक बँकेत शेती अधिकारी झाला, तिघे खतांच्या कंपन्यांत गेले, दोघांनी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेतली. मातीपाशी मी एकटीच उरले. एका खाजगी माती तपासणी प्रयोगशाळेत कराराची नोकरी धरली, तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता.

एकदा पिंगळीच्या पुढच्या एका गावातून मृदा आरोग्य कार्डांसाठी अकरा शेतकऱ्यांच्या नावांच्या अकरा पिशव्या आल्या. माती वाळत घातली, तर प्रत्येकीत बाभळीची तीच बारीक पानं आणि कौलाचे तेच लाल तुकडे. कुठल्याशा झाडाखालची टोपलंभर माती उचलून अकरा पिशव्यांत वाटली होती.

नमुने आणणारा हसला. "मॅडम, गाव एक, शिवार एक. माती काय येगळी राहती का? सोमवारी कार्ड वाटायचेत. मारा सही."

मी अकराही पिशव्यांवर लिहिलं : नमुना अमान्य.

प्रयोगशाळेचे साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा करार या महिन्याअखेर संपतोय. बघा बुवा."

वडील शेतकरी चळवळीतले; त्यांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवत मी वाढले. त्या पत्रकांतला शत्रू समोर उभा राहायचा, गुरगुरायचा. इथे कुणी भांडायलाच तयार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला चहाला हाक येईना, एवढंच.

रविवारी मी एकटीच त्या गावी गेले. यादीतले दहा जण एकतर घरी नव्हते, नाहीतर "कार्ड भेटणार हाय ना?" एवढंच विचारून वळले. अकरावे एक म्हातारे काका.

"माही माती? कवा नेली बा?"

"नेलीच नाही, काका. आता न्यायला आले."

ते खुरपं घेऊन निघाले. रानात नागमोडी फिरत आम्ही दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, बांध आणि झाडं टाळून. माती एकत्र केली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. काका कळवळले, "आगं ताई, एवढी उकरली अन् टाकायलीस?" अर्धा किलो उरेपर्यंत मी टाकतच राहिले.

सोमवारी सगळे कार्डवाटपाला गेले. माझ्या जागी दुसऱ्याच कुणीतरी सही केली होती; काकांचं कार्ड तेवढं मी गठ्ठ्यातून काढून ठेवलं होतं. मी प्रयोगशाळेत ती माती वडिलांच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सावलीत पसरून बसले होते. दुपारी काकांचा फोन आला.

"ताई, धाही जणाला भेटलं. माहंच न्हाई. लोक हसायलेत."

"आठ दिवस लागतील, काका."

"लागू द्या. पण माही माती येगळी निघंल ना?"

"माहीत नाही. तपासल्यावर कळेल."

त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

महिना संपायला बारा दिवस होते. तेवढे पुरणार होते. मी ढेकळं हाताने उलटी करून ठेवली आणि माती कुटायचा लाकडी खल धुवायला घेतला.