काकांची दोन मतं

माझी काकू बस डेपोत सीटची कव्हरं शिवते आणि काका त्याच डेपोत इंजिनं दुरुस्त करतात. दरवर्षी कामगार समितीच्या निवडणुकीत काका अध्यक्षपदाला उभे राहतात आणि दरवर्षी त्यांना बरोब्बर दोन मतं पडतात. एक त्यांचं, एक काकूचं. सगळा डेपो त्यांना 'जोडप्याचा पक्ष' म्हणतो. काकांना त्याची ना खंत ना खेद. "त्यातल्या त्यात कमी वाईट निवडायला मी काय नासके बटाटे घेतोय?" असं ते ज्याला त्याला ऐकवतात.

यंदा मात्र काकूची झोप उडाली. एकीकडे गुळ्या, मॅनेजरच्या मांडीला मांडी लावून बसणारा. तो निवडून आला की शिवणखातं बंद, बाहेरून तयार कव्हरं, आणि काकूसकट सात बायका घरी. दुसरीकडे डुलक्या, सभेत चक्क घोरणारा. त्याने आजवर काही केलं नाही, पण म्हणूनच बंदही काही करणार नाही! "बाई गं, झोपाळू परवडला," म्हणून बायका काकूच्या मागे लागल्या. पण काकू कशी हो म्हणणार? घरी काका आरशासमोर भाषण पाठ करत होते ना!

मतदानाच्या दिवशी काकू पडद्याआड गेली ती बाहेरच येईना. आली ती पांढरीफटक होऊन. मी त्याच डेपोत कारकून, म्हणून मतमोजणीला होते, तर थेट माझ्या कानाशी लागली.

"अगं, मी डुलक्यावर शिक्का मारला! आता यांना एकच मत पडणार, चारचौघांत कळणार. कुठल्या तोंडाने बघू मी यांच्याकडे?"

कप्पाळ! एकेक चिठ्ठी उलगडत होते आणि मनात म्हणत होते, कुणीतरी चुकून तरी काकांना मत दिलेलं असू दे. (माझं कुणाला, ते विचारू नका.) मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि मग मला हसूच आवरेना. कसंबसं फळ्यावर लिहिलं: डुलक्या त्रेसष्ट, गुळ्या बासष्ट, काका शून्य.

एकच गलका झाला. शिवणखात्यातल्या बायका नाचायला लागल्या. विजयी उमेदवाराला हलवून जागं करावं लागलं.

काकू डोळे फाडून आधी फळ्याकडे, मग काकांकडे बघत राहिली. काका हाताचं ग्रीस पुसत होते. हात अगदी स्वच्छ होते.

"अहो, मी इथे भीतीने अर्धमेली झाले, आणि तुम्ही स्वतःलासुद्धा नाही? कुठे गेलं तुमचं तत्त्व?"

"तुझ्याकडे होतं की," काका पुटपुटले. "म्हटलं, मी तुझं काम वाचवतो. तत्त्व काय, तू सांभाळशीलच."

"अहो, मी ते तुमच्याच भरवशावर सोडलं होतं!"

दोघं असे हसत सुटले की काकांना टायरवर बसकण मारावी लागली. आणि काकूने, जिने आजवर चारचौघांत त्यांचा हातसुद्धा धरला नव्हता, त्यांना सगळ्यांसमोर मिठी मारली. शून्य मतं पडलेला माणूस इतका लाजलेला आणि इतका खूश मी तरी दुसरा पाहिलेला नाही.