आमच्या बाकावरचं इसलँड

तन्वी, ईशान, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. गेल्या रविवारी फोनवर तन्वी म्हणाली, वर्गात मुलं हसली, आता मी मोठ्यानं वाचणारच नाही. आणि वर – "आजी, तुझं कधी चुकत नाही, तुला नाही कळणार."

कळतं, बाळा. फार चांगलं कळतं.

मी केळव्याच्या वाडीतली मुलगी. इंग्रजी शिकले ती पुस्तकांतून. घरात बोलणारं कोण होतं? कॉलेजात पहिल्याच आठवड्यात धडा वाचायला उभी राहिले आणि 'आयलँड'ला 'इसलँड' म्हणाले. लिहिलेलं असतंच तसं – एस दिसतो, मग म्हणायचा का नाही? वर्ग हसला. त्यानंतर माझं नाव पुकारलं की माझा घसा बसलेला असायचा. शंका आली तरी विचारायची नाही. किती गोष्टी अशा न विचारताच राहून गेल्या!

पण सांगायचं ते हे नाही. हे सोपं आहे.

पुढे मी बोईसरच्या एका शाळेत इंग्रजीची बाई झाले. एकदा जवळच्या पाम गावची सुनंदा उभी राहून वाचत होती. छान वाचायची. आणि ती म्हणाली – इसलँड. वर्गात कुणाला चूक कळलीसुद्धा नव्हती. हसले ती मी. आधी मी, मग माझं बघून मुलं. का हसले? त्या शब्दाशी माझा काही संबंध नाही, हे मला कुणाला दाखवायचं होतं? तिथं होतं तरी कोण?

सुनंदा खाली बसली. मग तिचाही घसा बसू लागला. औषध मला माहीत होतं – 'अगं, मीही असंच म्हणाले होते.' एवढं एक वाक्य. रोज ठरवायचे, रोज तास संपायचा.

शेवटी तिच्या बाकावरच्या रंजनाची वाचायची पाळी आली. ती मुद्दाम ठणकावून म्हणाली, "इसलँड!" मी दटावलं. तर म्हणते, "बाई, आमच्या बाकावर इसलँडच हाय. तुमचं आयलँड तुमच्या टेबलावर ठेवा." वर्ग खदखदला, सुनंदाही. रंजनानं तिला कोपरानं ढोसलं, "आता तू वाच गं. मी हाय ना चुकायला."

आणि सुनंदानं वाचलं – आणि ती वाचलीही.

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "सुनंदाला तुम्ही छान बोलतं केलंत." मी म्हणाले, "थँक्यू."

हेच ते, कुणालाच न सांगितलेलं.

त्यानंतर माझ्या वर्गात कुणी चुकलं की मला रंजना आठवायची, आणि मी हसत नसे. मला जे काही शिकवता आलं, ते त्या पोरीच्या कृपेनं. तिचे आभार मी रोज मानते – मनातल्या मनात.

आता ती पालघरला असते. बाजारात दिसले की लांबूनच हाक मारते, "बाई, इसलँड!" सुनंदा बरोबर असली तर तीही हसते. आमच्या तिघींत तो शब्द अजून आहे. तो पहिल्यांदा माझा होता, हे त्या दोघींना अजून माहीत नाही.