पाळीचं ऊन पाणी

जहाजाच्या यादीत बारा नावं होती. सहावं माझं आणि बारावं म्हसवडच्या एका शिपायाचं. यादी मीच लिहिली होती, त्यामुळे हे नक्की आठवतं. घरी जायची घाई बाराही जणांना होती, पण मुदत फक्त त्यालाच होती. अक्षय तृतीयेच्या आत तो गावी पोचला नाही तर त्याची ठरलेली मुलगी दुसरीकडे दिली जाणार होती. मुलीच्या बापानं तसं पत्रच धाडलं होतं. बाप वाईट नव्हता. दोन वर्षं वाट बघून मग त्यानं मुदत घातली होती.

साल सत्तेचाळीस. लढाई संपून दीड वर्ष झालं होतं आणि हरलेल्या जपानवर पहारा ठेवायला आमची पलटण तिकडं होती. कंपनीतले बहुतेक गडी सातारा जिल्ह्यातले. तेव्हा तासगाव, शिराळा साताऱ्यातच मोडत; सांगली संस्थानाची होती. मी रहिमतपूरचा, हुद्द्यानं हवालदार. परत जाणाऱ्यांना जहाजाआधी पाच दिवस सुटी मिळे आणि ती ऊन पाण्याच्या झऱ्यांवर काढायची असे. तिथली उतरायची घरं सरकारनं त्यासाठी ताब्यात घेतली होती. निघताना एक हुकूम वाचून दाखवत. जपानी माणसाची तक्रार आली, तर ज्याच्यावर तक्रार त्याचं नाव जहाजाच्या यादीतून जाईल. पुढचं जहाज कधी, ते कुणी सांगत नसे.

पहिले दोन दिवस आम्ही समुद्रकाठी होतो. तिथं किनाऱ्याच्या वाळूतूनच ऊन पाणी निघतं, चवीला खारट. समोर करडा समुद्र, अंगाला झोंबणारा वारा, आणि घराच्या आत वाफाळलेला हौद. रिवाज असा की आधी बाहेर बुटक्या पाटावर बसून साबणानं सगळं अंग धुवायचं, साबणाचा थेंब राहू द्यायचा नाही, आणि मग उघड्यानं हौदात उतरून गळ्यापर्यंत बसायचं. उघड्यानं म्हणजे पार उघड्यानं. आमचे गडी नदीवर लंगोट लावून अंघोळ करणारे. एकही जण लंगोट सोडेना.

तासगावचा नाईक तोंडाचा मोकळा होता. म्हणाला, "आवं हवालदार, पैलवान सुदिक आखाड्यात लंगोट लावतो. आन् हितं काय आईच्या पोटातनं आल्यावानी उतरायचं?"

"मग बस भाईर वाऱ्यात."

"म्हंजी लाज मोठी का थंडी मोठी, येवढंच ठरवायचं म्हना की."

थंडी मोठी ठरली. सगळे छताकडं बघत उतरले. म्हसवडचा गडी भिंतीकडं तोंड करून बसला आणि पाण्याखाली बोटं मोजू लागला.

"काय मोजतुयास रं?"

"जहाजाचं दिस. मग मुंबै, मग पलटनीतनं नाव काटायच्या छावनीतलं दिस, मग आगगाडी, मग मोटार." त्यानं पुन्हा मोजलं. "हातात तीन दिस उरत्यात, हवालदार. तीनच."

तिसऱ्या दिवशी ट्रकनं आम्हाला डोंगरातल्या ठिकाणी नेलं. लहानसं खेडं, खाली दरीत भाताची खाचरं, वर उतारावर एकच लाकडी घर. घराचा मालक सत्तरीचा म्हातारा, ताठ आणि अबोल. मागच्या अंगणात दगडी तळाचा हौद होता, त्याची कड देवदारासारख्या फिकट लाकडाची. डोंगरातून बांबूची पन्हळ येई आणि तिच्यातून करंगळीएवढ्या धारेनं कढत पाणी रात्रंदिवस पडे. वास काडेपेटीची काडी ओढल्यासारखा. पन्हळीच्या तोंडाशी हातभर उंचीचा एक दगडी देव होता. त्याच्या गळ्यात कुणीतरी लाल फडकं बांधलेलं.

चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी म्हातारा खाली गावात गेला. दोन वाजता आमचे गोरे कप्तान तपासणीला येणार होते. मी आतल्या खोल्या बघत होतो. बारा अंथरुणं घड्या घालून, बारा जोडी बूट दाराशी एका रांगेत. तेवढ्यात अंगणातून आरोळी आली.

"सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!"

मी धावत बाहेर आलो. म्हसवडचा गडी दगडी देवासमोर हात जोडून उभा होता. देवाचं डोकं गुलालानं भरलेलं, लाकडी कड गुलाबी झालेली आणि हौदातलं सगळं पाणी लालभडक.

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथावर लोक गुलाल उधळतात. त्याच्या आईनं यात्रेतला गुलाल पुडीत बांधून धाडला होता आणि ती पुडी दोन महिन्यांनी त्याच्या हातात पडली होती. देवाच्या गळ्यात लाल फडकं दिसलं, म्हणजे या देवाला लाल चालतं, असं त्यानं धरलं. चिमूट देवाच्या कपाळाला लावली. उरलेला, आपल्याकडं उधळतात तसा, मूठ भरभरून वर उधळला.

"ह्ये काय केलंस रं?"

"तीन दिस पुरं पडू द्यात म्हनून मागितलं देवाला," तो म्हणाला, आणि मग त्यानं पाण्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "आवं, येवढं लाल व्हईल आसं न्हाई वाटलं."

दहा वाजून गेले होते. म्हातारा परत आला आणि त्यानं कप्तानांना हे दाखवलं, की यादीतलं बारावं नाव गेलं. मी घाई केली. एक बादली पन्हळीखाली धरली आणि ती किती आकड्यांत भरते ते मोजलं. चाळीस. हौदात दोनशेच्या आसपास बादल्या पाणी मावत असावं. म्हणजे रिकामा करून पुन्हा भरायला सव्वादोन तास. घासायला अर्धा तास. एक वाजायच्या आत हौद पहिल्यासारखा दिसला असता.

"बूच काढा," मी म्हणालो.

तळाशी चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच होतं. दोघांनी ते उपसलं. लाल पाणी गरगरत मोरीत शिरलं. चौघांना पेंढा आणि राख घेऊन लाकूड घासायला लावलं, दोघांना दगडी तळ, म्हसवडच्या गड्याला देवाचं डोकं पुसायला. मोरी कुठं जाते ते मी पाहिलं नाही. मी, रहिमतपूरचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. आमच्याकडं लहान पोरालाही कळतं की पाट फोडायच्या आधी खाली कुणाचं रान आहे ते बघायचं.

हौद जवळजवळ रिकामा झाला तेव्हा खालून बायकांचा ओरडा आला.

उताराच्या कडेला जाऊन पाहिलं. आमची मोरी दुसऱ्या पन्हळीला मिळत होती आणि ती पन्हळ शंभर पावलं खाली एका छपरात शिरत होती. छपरातून वाफ येत होती. अंगाला फडकी गुंडाळलेल्या बायका, म्हाताऱ्या, पोरं बाहेर पळत होती. एका आईच्या कडेवरचं पोर डोक्यापासून गुलाबी झालं होतं. ती ते हातानं पुसत होती आणि रंग आणखी पसरत होता.

"गावाचं न्हानीघर हाय ते," नाईक हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

म्हातारा उतार चढून वर आला. धावत नव्हता, पण थांबतही नव्हता. त्यानं रिकामा हौद पाहिला, बूच पाहिलं, पेंढा हातात घेऊन थिजलेले आमचे गडी पाहिले. हौदाच्या कडेवर बसला आणि पन्हळीखाली हात धरून बसून राहिला. त्या धारेनं सगळं भरायला किती वेळ लागेल हे त्याला मोजावं लागत नव्हतं.

मी लवून माफी मागितली. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

नाईकानं मला बाजूला ओढलं. "हवालदार, आयका. झऱ्यालाच लाल पानी आलं म्हनून सांगायचं. डोंगरात लोखंड आसतं, यील की. कप्तान आपलं मानंल का त्या म्हाताऱ्याचं?"

हे अगदी खरं होतं. हरलेल्याच्या शब्दाला तेव्हा किंमत नव्हती. बारा जणांनी एकच सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. म्हसवडचा गडी नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या नखांत गुलाल होता. मी त्याला हात धुवायला सांगितलं. त्यानं धुतले. नखांतला गेला नाही.

दोनला ट्रकचा भोंगा वाजला. हौदात तेव्हा गुडघाभरच पाणी होतं, स्वच्छ; दोनशे बादल्यांचा माझा अंदाज चुकला होता. पण लाकडाच्या रेषारेषांत गुलाबी रंग बसला होता. तो राखेनं निघाला नव्हता.

कप्तान दुभाष्याला घेऊन अंगणात आले. त्यांनी लाकडाकडं पाहिलं, म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हवालदार, काय झालं?"

नाईकानं सांगितलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खाली ते पोर अजून रडत होतं, इथपर्यंत ऐकू येत होतं. मी म्हणालो, "साहेब, बूच मी काढायला लावलं. कुणाला न विचारता. खाली गाव अंघोळ करतंय हे मी बघितलं नाही."

"आणि रंग?"

"देवाला वाहिला, साहेब. आमच्यात वाहतात."

"कुणी?"

मी उत्तर द्यायच्या आत म्हसवडचा गडी पुढं आला. "मी, साब." हात त्यानं मागं बांधले होते.

देवाधर्माच्या गोष्टीत हात घालायला गोरे अधिकारी कचरत. तेवढं मी जाणून होतो आणि त्यावरच माझी आशा होती. पण हुकूम तक्रारीचा होता. कप्तानांनी दुभाष्याला सांगितलं, "म्हाताऱ्याला विचार, तक्रार कशाची आहे. एकच सांगायला सांग, नीट."

म्हातारा उभा राहिला. बराच वेळ बोलला, मध्ये एकदा देवाकडं बोट केलं, एकदा खाली छपराकडं. आम्हा बाराही जणांना त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि आमचं सगळं त्या बोलण्यावर होतं. म्हसवडचा गडी ओठ हलवत होता. मोजत होता की देवाचं नाव घेत होता, कोण जाणे.

दुभाषी म्हणाला, "तो म्हणतो, त्या दगडाला आम्हीही लाल घालतो. रंगाची माझी तक्रार नाही. पण सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याची पाळी गावाची असते. पाहुण्यांचा हौद भरून वाहतो, ते पाणी खाली जातं. ती पाळी यांनी तोडली. तक्रार पाण्याची आहे."

पाळी. त्यानं कुठला जपानी शब्द वापरला ते मला माहीत नाही, दुभाष्यानं इंग्रजीत 'टर्न' म्हटलं होतं. माझ्या कानाला तो पाळी असाच ऐकू आला. आमच्याकडं पाटाच्या पाण्याची पाळी तोडणाऱ्याशी लोक वर्षभर बोलत नाहीत.

"पाणी कुणी सोडलं?" कप्तानांनी पुन्हा विचारलं.

"मी, साहेब."

"यादी?"

मी खिशातून काढून दिली. त्यांनी पेन्सिलीनं सहाव्या नावावर रेघ मारली, कागद मला परत दिला आणि घरात गेले.

म्हसवडचा गडी माझ्यामागं आला. "हवालदार, गुलाल माजा. माजं नाव काटाय पायजे व्हतं. मी जातो साबाकडं."

"तू गप उभा ऱ्हा."

"आवं पर—"

"तक्रार पान्याची हाय. तुजी न्हाई. माजं तर गेलंच, आता तिकडं गेलास तर तुजं बी जाईल. मग त्या पोरीच्या बापाला काय मी पत्र लिवू?"

तो उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि मला राग. राग त्याच्यावर, आणि त्याहून जास्त त्या बुचावर, जे मी मोरी न बघता काढायला लावलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही बाराही जणांनी वरचं पाणी बादल्यांनी खाली नेलं. न्हानीघरात आता गावकरी नव्हतेच. छपराच्या दारात बादल्या ठेवून आम्ही मागं फिरायचं आणि मग एक म्हातारी येऊन त्या ओतायची. म्हाताऱ्यानं तसं सांगितलं होतं. रंगलेली ती बाई आणि तिचं पोर पुन्हा दिसली नाहीत.

छावणीत परतल्यावर यादी पुन्हा लिहावी लागली. खोडलेली यादी कचेरीत चालत नाही. अकरा नावं. बारावा अकरावा झाला. घरी मी येतोय म्हणून कळवलं होतं, ते पत्र परत बोलावता येत नव्हतं. दुसरं लिहिलं, त्यात कारण लिहिलं नाही. कुरे बंदरावर जहाज सुटलं तेव्हा अकरा जण कठड्याशी होते. नाईकानं हात हलवला. म्हसवडचा गडी हात हलवायचं विसरला. नुसता उभा होता.

मला जहाज मिळायला पावसाळा उजाडला. मी मुंबईत उतरलो तोवर झेंडा बदलला होता. त्या दिवाळीनंतर म्हसवडकडं काम निघालं तेव्हा त्याच्या वस्तीवर गेलो. दोन दिवस शिल्लक असताना तो पोचला होता, लग्न झालं होतं. त्यानं मला ओट्यावर घोंगडं टाकलं. त्याच्या बायकोनं तांब्या आणून दिला. पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून आणलेलं, कोमट. तिला त्या सोमवारचं काही सांगितलेलं नव्हतं, एवढं तिच्याकडं पाहिल्यावर कळलं.

ती दारामागून म्हणाली, "ह्ये म्हनत्यात, तिकडं पानी जमिनीतनंच तापून येतं. खरं हाय का, भाऊजी?"

"व्हय."

"मग सरपन न्हाई लागत?"

"न्हाई लागत."

"लय सुखाचा मुलूक म्हनायचा," ती म्हणाली.

तो खाली बघत घोंगड्याचा एक धागा ओढत होता. मी पाणी प्यालो आणि यंदा बाजरी कशी आहे ते विचारलं.