माळावरच्या सीताफळांचा जाम

भूकंपानंतर आमच्या धाकटीनं भाकरी खायचं सोडलं. ती तेव्हा पहिलीत होती, मी सातवीत. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे गाव बसलं. बौद्धवस्तीतली आमची घरं कुडाची आणि पत्र्याची. ती नुसती वाकली. गावातली दगडमातीची घरं मात्र माणसांवर आली. आम्ही सगळे वाचलो. शेजारच्या गावात दिलेली माझी आत्या एकटीच वाचली. तिचा नवरा आणि सासू दोघं ढिगाऱ्याखाली गेले. दादा, म्हणजे आमचे वडील, तिला आमच्याकडे घेऊन आले. ती भूकंपानंतर आम्हाला मिळालेल्या तात्पुरत्या शेडच्या दारात बसून राहायची, पाणी आणायची, सरपण आणायची, पण बोलायची नाही.

शेड पत्र्याचं होतं. दिवसा तापायचं, आणि वारा आला की पत्रा असा वाजायचा की सगळे उठून बाहेर पळायचे. जमीन अजून शांत झाली नव्हती. मधूनच हलायची. ताटलीतलं पाणी थरथरलं तरी माय आमचे हात धरायची.

सुरुवातीला मदतीच्या गाड्यांतून पाव आणि लाल जामच्या बाटल्या यायच्या. धाकटी तेवढंच खायची. भाकरी दिली की म्हणायची, "माती हाय हिच्यात. कचकच करतीय." माय पीठ दोनदा चाळायची, फडक्यातून गाळायची, तरी ती तोंड फिरवायची. मग गाड्या कमी झाल्या, जाम संपला. पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. दादा मास्तर होते आणि पंचनाम्याच्या कामाला गावोगाव फिरत होते. ते घरी आले की माय हळूच म्हणायची, "ही हातची जाईल हो माझी." तिला वाटायचं आम्हाला ऐकू जात नाही.

औषधाच्या तंबूत एक नर्सबाई होत्या. त्या मायला म्हणाल्या, "जाम म्हणजे काय अवघड आहे का? फळाचा गर घ्या, साखर घाला, आटवा. वर लिंबू पिळा."

फळ कुठून आणणार, हा प्रश्न नव्हता. आश्विन लागला होता आणि गावामागच्या माळावर सीताफळाची झुडपं लगडली होती. एरवी पोरं ती कच्चीच तोडून नेत आणि धान्यात पिकत घालत. त्या वर्षी एकही पोर माळावर गेलं नाही, कारण जवळची वाट पडलेल्या गावातून जात होती.

दुपारी धाकटी झोपली. शेजारच्या म्हातारीला तिच्याकडे लक्ष द्यायला सांगून माय, आत्या आणि मी टोपली घेऊन निघालो.

गावाच्या तोंडाशी एका दुमजली घराची भिंत एकटीच उभी होती. बाकीचं घर तिच्या पायाशी पडलेलं. वरच्या कोनाड्यात आरसा तसाच होता आणि त्यात ऊन चमकत होतं. गल्ली त्या भिंतीला लागूनच होती. माय थांबली. तिनं आम्हाला चपला हातात घ्यायला सांगितल्या.

"बोलू नका," ती कुजबुजली. "खोकू बी नका."

आमच्या आवाजानं भिंत पडेल असं तिला वाटत होतं, आणि मलाही तेच वाटत होतं. मी वर पाहिलं नाही. पायाखाली कौलाचे तुकडे टोचत होते. कुठून तरी उग्र वास येत होता. तो कशाचा हे मला माहीत होतं, म्हणून मी तोंडानं श्वास घेत होते.

माळावर आल्यावर आम्ही चपला पायात घातल्या. झुडपं फळांनी वाकली होती. डोळे उकललेली सीताफळं हात लावला की देठ सोडत होती. कितीतरी खाली फुटून पडली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. माय भराभर तोडत होती. "लई झाली, चल आता," असं स्वतःलाच म्हणायची आणि आणखी तोडायची. टोपली भरत आली.

तेवढ्यात जमिनीच्या पोटातून घरघर आली.

"खाली बसा!" माय ओरडली. मी झुडूप धरलं. ते माझ्या हातात थरथरत होतं आणि चारी बाजूंनी फळं टपटप गळत होती. पाखरं एकदम उडाली. मग सगळं थांबलं. आत्या मात्र उभीच होती, गावाकडे बघत. तिकडून धुळीचा लोट उठला होता. भिंत दिसत नव्हती.

"आपण तिथूनच आलो," मी म्हणाले. माय शेडांकडे बघत होती. तिकडून शेजारची म्हातारी हात हलवत पळत येताना दिसली. टोपली तिथंच टाकून आम्ही पडलेल्या गावाला वळसा घालून, ओढ्याच्या वाटेनं तिच्याकडे खाली धावलो.

म्हातारीला धाप लागली होती. "पोरगी उठली अन् तुमच्या मागंच आली की! मी भांडी घासत होते. भेटली न्हाई का तुम्हाला?"

माय गल्लीकडे पळाली. जिथून आम्ही चपला हातात घेऊन गेलो होतो, तिथं आता कमरेएवढे दगड होते. धूळ अजून बसली नव्हती. माय गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांनी दगड ओढायला लागली. रडत होती, पोरीचं नाव घेत होती. म्हातारीनं ऊर बडवायला सुरुवात केली. मी पण किंचाळत होते. काय किंचाळत होते ते आठवत नाही.

आणि आत्या बोलली.

"गप बसा!"

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला, म्हणून असेल, आम्ही खरोखर गप बसलो.

"वैनी, दगड सोड. आधी एकदाच हाक मार, मग कान देऊन ऐक," ती म्हणाली. "माझ्या वेळेला वर सगळे रडत होते. मी आतून हाका मारत होते. हे बी मारत होते. कुणाला ऐकू आल्या न्हाईत." 'हे' म्हणजे तिचा नवरा.

मायला हाक मारता आली नाही. शेवटी आत्यानंच हाक मारली, लांब आणि मोठ्यानं. मग आम्ही चौघी श्वास धरून उभ्या राहिलो. एक दगड घरंगळला. मला वाटलं, आता काहीच ऐकू येणार नाही आणि आपल्याला हे आयुष्यभर ऐकत राहावं लागेल.

"हितं हाय मी."

आवाज दगडांतून नव्हता, पाठीमागून होता. गल्लीच्या अलीकडे तुरीचं रान होतं. आत्या तूर बाजूला सारत आत घुसली. धाकटी रानाच्या मधोमध, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, उकिडवी बसली होती. भिंत बघून तिला भीती वाटली म्हणून ती गल्लीत शिरलीच नव्हती. जमीन हलल्यावर उघड्यावर बसायचं, असं शेडातल्या सगळ्या पोरांना शिकवलं होतं. तिनं तेच केलं होतं. "उठू का आता?" तिनं विचारलं.

मायची नखं तुटून बोटांतून रक्त येत होतं. आत्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि म्हातारीनं मायला धरून आणलं. मी मागून चालत होते आणि दर चार पावलांनी वळून बघत होते.

संध्याकाळच्या आत आत्या ओढ्याच्या लांबच्या वाटेनं पुन्हा माळावर गेली. तिला अडवायची हिंमत कुणाला झाली नाही. ती टोपली डोक्यावर घेऊन परत येईपर्यंत माय शेडच्या बाहेर उभी होती.

दुसऱ्या दिवशी जाम केला. मायच्या बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून आत्यानं गर काढला. पिठाच्या चाळणीवर चोळून बिया वेगळ्या केल्या. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवलं, साखर घातली. चूल उघड्यावर होती, तरी मी पातेल्यापासून लांब बसले. जमीन हलली तर उकळता गर अंगावर येईल, एवढंच डोक्यात होतं. पांढरा गर हळूहळू गुलाबी झाला, मग मातकट. माय हलवत राहिली. जाम घट्ट व्हायला हवा, म्हणून फार वेळ आटवला.

धाकटीनं बोटानं चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय."

मायनं चाखला. खरंच कडू होता. तिनं पळी खाली ठेवली आणि पट्टी बांधलेल्या हातांनी तोंड झाकलं.

"माय, तोंड कडू झालंय," धाकटी म्हणाली. "भाकर दे."

कुणी काही बोललं नाही. बोललं तर मातीचं तिच्या ध्यानात येईल अशी आम्हाला धास्ती. आत्यानं टोपल्यातली भाकरी मोडून तिच्या हातात दिली. ती चावताना आम्ही तिघी तिच्या जबड्याकडे बघत होतो. अर्धी भाकरी तिनं खाल्ली. माती आहे असं म्हणाली नाही. कडू जाम म्हातारीनं दोन दिवसांत चहासोबत संपवला. तिला चालला.

पुढं दादांची बदली मुखेडला झाली आणि आत्या आमच्यासोबतच आली. सीताफळाचा गर चुलीवर फार वेळ ठेवला की कडवटतो, हे मायला नंतर कळलं. मग ती साखरेचा पाक वेगळा करून गर शेवटी घालायची.

दहावीनंतर धाकटी लातूरला क्लासला गेली. तेव्हा गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या आणि मुलींची वसतिगृहं झाली होती. तिला मिळालेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आम्ही सामान घेऊन वर चढलो. मायनं भिंतींवरून हात फिरवला, खिडकीतून खाली पाहिलं आणि घामाघूम झाली. "हिथं न्हाई ठेवायची मी," म्हणाली. दादांनी मालकाला विचारलं, तळमजल्यावर जागा नव्हती. शेवटी धाकटीनंच आपली कॉट ओढत दाराशी लावली, दाराची कडी उघडून-लावून पाहिली आणि पुस्तकं मांडायला घेतली.

"रातभर कडी लावू नको," माय म्हणाली.

"बाकीच्या पोरी भितील की," ती म्हणाली.

"मग तू जागी राहा."

ती हसली. आम्ही जिन्यानं खाली आलो. स्टँडवर बस लागली होती, पण माय चढेना. ती त्या इमारतीच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा आत्यानं तिचा हात धरून तिला बसमध्ये चढवलं.