बाबांना पसंत पडेल अशी प्रेस

बाबांची हातप्रेस मी मोडली. मुद्दाम नाही. पण हे "मुद्दाम नाही" मी घरात इतक्यांदा वापरलंय की आता त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी धुवायची होती, म्हणून टेबलाला जोडणारे तिचे बोल्ट काढून मी प्रेस उचलायला गेले. बिडाचं धूड ते! हातातून सटकलं, फरशीवर आपटलं आणि त्याच्या मानेलाच तडा गेला. फरशीही फुटली, पण तिची कुणी विचारपूस केली नाही. बाबा आले, तडा बोटानं चाचपला आणि एवढंच म्हणाले, "बिडाला जोड धरत नाही." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाबा विदर्भातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात आधी फिटर होते आणि मग माल तपासणीला. आई गेल्यावर मी त्यांना दिल्लीला आणलं, तर चौथ्याच दिवशी पिशवी भरून बसले. "इथं मी करू काय? लिफ्टनं वर-खाली जाऊ?" नेमकी तेव्हाच माझी पोरगी एअर रायफलनं नेमबाजी शिकायला लागली होती. बाबांनी तिची शिशाच्या छऱ्यांची डबी उघडली, चष्मा कपाळावर सरकवून चार छर्रे डोळ्याशी धरले आणि निकाल दिला, "हे एकसारखे नाहीत." झालं! पुढच्या खेपेला गावाहून ती प्रेस आली. भंगारवाल्याकडून घेतलेली. "कारखान्यातून उचललेली नाही बरं," असं ते प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगतात, त्यामुळे प्रत्येक पाहुण्याला हमखास संशय येतो.

काम अगदी साधं. पोलादी चकतीला नेमक्या मापाचं भोक, त्यावर छर्रा ठेवायचा, दांडा खाली ओढायचा, की छर्रा त्या भोकातून दाबला जाऊन एकाच मापाचा होऊन खालच्या फडक्यावर पडणार. एका वेळी एकच. सकाळी दोनशे झाले की साबणानं हात धुवायचे आणि मगच चहा. डबी भरली की त्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर लफ्फेदार सही. पोरगी म्हणायची, "आजोबांचे छर्रे असले की माझी गोळी इकडची तिकडे होत नाही." या एका वाक्यावर बाबा चार वर्षं दिल्लीत टिकले. खरं सांगते, प्रेस मोडली तेव्हा मला छऱ्यांची काडीची काळजी नव्हती. बाबा निघून जातील, ही धास्ती होती.

म्हणून मी नवी प्रेस शोधायला लागले. इंटरनेटवर सुंदर सुंदर प्रेस दिसल्या, पण सगळ्या परदेशी आणि घरच्या घरी काडतुसं भरायच्या. बाबा त्यांच्याकडे लग्नाच्या मुली पाहिल्यासारखे पाहत बसले. मी म्हटलं, "बाबा, हे पार्सल आलं ना, तर त्याच्यामागून पोलिसांची जीप येईल. परवान्याशिवाय इथं कुणी काडतुसं भरत नाही." आधीच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला लिफ्टमध्ये गाठलं होतं. "मॅडम, सुना है आपके फादर गोली बनाते हैं?" "हाँ जी," मी म्हटलं, "सिरदर्द की. आपको चाहिए?" तेव्हापासून तो जिन्यानं जातो.

मग पानिपत. तिथं गालिचे आणि पिशव्यांना धातूची कडी ठोकायच्या हातप्रेस जुन्या मिळतात, असं ऑफिसमधल्या एकानं सांगितलं. रविवारी गाडी काढली. दुकानदारानं चार प्रेस मांडल्या. बाबांनी प्रत्येकीत कागदाचा कपटा घालून दांडा ओढला, कपटा उजेडात धरला आणि मान हलवली. एकीचा दांडा डुगडुगतो, दुसरी एका बाजूला दाबते, तिसरीला रंग मारून तडा लपवलाय. चौथीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. "तोंड पाहा ना तिचं," म्हणाले. मराठी माणूस पानिपतला गेला आणि हात हलवत परत आला, यात नवीन ते काय! मी वाटेत ढाब्यावर दोन पराठे खाऊन राग गिळला.

पुढच्या रविवारी गाझियाबाद. इथं एक सरदारजी स्वतः प्रेस बनवतात. माल उत्तम होता, मला कळला म्हणजे उत्तमच असणार. पण बाबांनी आधी त्यांचं लेथ पाहिलं, मग कारागिराची बोटं पाहिली, मग घासायची पद्धत कशी चुकते ते समजावून सांगितलं. दोन तास! शेवटी सरदारजी हात जोडून म्हणाले, "बाऊजी, मशीन लेनी है या नौकरी करनी है?" बाबा इतके खूश झाले की विचारू नका. प्रेस मात्र घेतली नाही. "विचार करून सांगतो," म्हणाले. गाडीत बसल्यावर मी भडकलेच. "देवाघरून आणू का आता प्रेस? तिथली तरी पसंत पडेल ना?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी पंधरवड्यानंतरचं तिकीट काढलंय. प्रेस मिळेतोवर गावी जाऊन येतो." आमच्या घरात "जाऊन येतो" म्हणून गेलेला माणूस परत येत नाही.

इकडे पोरीची स्पर्धा तोंडावर आलेली आणि आजोबांची शेवटची डबी संपलेली. तिचं रडगाणं सुरू, "आता माझं काही खरं नाही." माझं डोकं फिरलं. तिला क्लासला धाडलं, दुकानातल्या सीलबंद डबीतले छर्रे जसेच्या तसे बाबांच्या रिकाम्या डबीत ओतले, चिठ्ठी चिकटवली आणि खाली बाबांची सही ठोकली. या सहीचा सराव मी नववीत प्रगतिपुस्तकावर केलेला आहे, हात अजून बसलेला आहे. "ही घे, माळ्यावर एक राहिली होती," मी पोरीला म्हटलं.

शनिवारच्या सरावात पोरीनं आजवरचे सगळ्यात जास्त गुण मिळवले. घरी आली ती चपला न काढता थेट बाबांच्या गळ्यात. "आजोबा, यार, तुमचे छर्रे म्हणजे जादू आहे!" तिनं डबी त्यांच्या हातात दिली. बाबांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठी वाचली.

"सही झकास जमलीय," ते म्हणाले. "पण खाली तारीख कालची टाकलीस. प्रेस मोडून महिना झाला."

माझी सव्वीस वर्षांची सरकारी नोकरी! सही केली की खाली तारीख पडतेच, हाताला सांगावं लागत नाही. मी डोक्याला हात लावला. डोळ्यांनी बाबांना खुणावत होते की राहू द्या, कळू देऊ नका तिला, यातच तुमचं भलं आहे. पण आयुष्यभर माल तपासलेला माणूस तो.

"बेटा, हे माझे नाहीत," त्यांनी पोरीला सांगितलं. "दुकानातले आहेत, न दाबलेले. हे गुण तुझे तू मिळवलेस."

पोरीचा चेहरा उजळला. "म्हणजे मला कुठलेही छर्रे चालतात?" आणि त्याच दमात, सतरा वर्षांच्या पोरीच्या बिनडोकपणानं, "मग प्रेस कशाला घ्यायची?"

"तेच," बाबा म्हणाले. "कशाला."

ती नाचत आत गेली. बाबांनी डबीचं झाकण लावलं आणि उठून गॅलरीतल्या रिकाम्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले आणि, आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे, मायेचं काही बोलायचं होतं म्हणून भांडायला लागले. "काय गरज होती हरिश्चंद्र व्हायची? गप्प बसला असता तर प्रेस आली असती, तुम्ही राहिला असता!"

"काम नाही तर राहून करू काय?"

"मी काय तुम्हाला कामाला ठेवलंय?" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "चार वर्षं मी तुम्हाला अडकवायला कामं शोधतेय. दमले मी! काही करू नका. लिफ्टनं वर-खाली जा. पेपर वाचा, माझ्या चुका काढा, पण इथं राहा. मला तुम्ही हवे आहात, छर्रे गेले चुलीत." बोलता बोलता मला रडू फुटलं, तेही नाक गळेपर्यंत.

बाबांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवून त्यावर दोन-चारदा बोट फिरवलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"तिकीट काढता आलं," ते म्हणाले. "रद्द कसं करतात ते मला कळत नाही."