सासूबाईंची पाठमोरी ओळख

ज्या बाईंची ही गोष्ट आहे, त्यांचं तोंड मी लग्न झाल्यापासून नीट पाहिलेलं नाही. त्यांचं नावही मी घेणार नाही. घेतलं तर बायको मला घरात घेणार नाही, आणि आमच्या वाळवंटातल्या फिंच वेल गावात घराबाहेर झोपायचं म्हणजे कुत्र्यांशी पांघरुणावरून भांडायचं. त्या माझ्या सासूबाई. आमच्या आदिवासी लोकांत जावयाने सासूच्या समोर यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्यासोबत एका छपराखाली बसायचं नाही. यात अपमान काही नाही, उलट हा मान आहे. त्या समोरून आल्या की मी रस्ता सोडून झुडपात शिरतो. आमच्या गावात झुडपं लहान आणि माझं पोट मोठं, त्यामुळे हा मान राखताना माझी बरीच शोभा होते.

तेव्हा मला सासूबाई ठाऊक आहेत त्या पाठमोऱ्या. निळी लोकरीची टोपी, डावीकडे जरासा झुकलेला खांदा, हातात खणायची लोखंडी कांब. आणि त्यांची पावलं. उजव्या पायाची करंगळी बाहेर फाकलेली, त्यामुळे लाल मातीत गावभराच्या पावलांतून त्यांची ओळखू येतात. आज गुडघा दुखतोय, आज घोरपड मिळालीय, आज कुणावर तरी चिडल्यात, हे सगळं मला पावलांवरून कळतं. चिडलेल्या असतात त्या बहुतेक माझ्यावरच.

बाकी सगळं ऐकीव. लहानपणी त्या गोऱ्यांच्या गुरांच्या वाडीवर मालकिणीचे कपडे धुवायच्या, आणि पगार म्हणून पीठ, साखर, चहा मिळायचा. पुढे आमच्या जमिनीचा दावा उभा राहिला. शहरातून न्यायाधीश आला, त्याच्यामागे वकिलांची रांग. ही जमीन तुमचीच कशावरून, असं त्याने विचारलं. सासूबाईंनी त्याला भर उन्हात आपल्या वडिलांच्या पाण्याच्या जागेपर्यंत चालवत नेलं. वर नुसती वाळू. त्यांनी ती हातांनी उपसली, खालून पाणी आलं, आणि त्याच्यापुढे ओंजळ धरून त्या आपल्याच भाषेत म्हणाल्या, "पुरावा मागत होतास ना? पी." त्या वेळी मी कुठे होतो? ट्रकच्या सावलीत झोपलो होतो. पुढे जमीन परत मिळाली, ती सांभाळायला आमच्याच लोकांचं जमीन मंडळ झालं, आणि त्याचा अध्यक्ष झाला तो ट्रकच्या सावलीत झोपलेला माणूस.

कारण सोपं होतं. माझ्याकडे इस्त्रीचा शर्ट होता, साहेबांशी बोलण्यापुरतं इंग्रजी होतं आणि चालणारी टोयोटा होती. एवढ्यावर जगात कितीतरी माणसं अध्यक्ष झाली असतील.

तर मागच्या हिवाळ्यात रस्त्याचं प्रकरण निघालं. शहराकडे जाणारा आमचा कच्चा रस्ता टायर खातो आणि कधी कधी माणसंही. रस्ता पक्का करायला एक कंपनी तयार झाली, पण तिला खडी हवी होती ती सासूबाईंच्या वडिलांच्या पाण्याच्या अगदी वरच्या टेकडीतली. टेकडी फोडली की खालचं पाणी राहील की जाईल, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. मी सभा घेतल्या. प्रत्येक सभेत विचारलं, "कुणाचा विरोध?" कुणी बोललं नाही. पाणी ज्याचं, त्यावर बोलायचा हक्क त्याचाच, म्हणून बाकीचे आपले चहात बिस्किटं बुडवत बसले. मी कंपनीला कळवून टाकलं की विरोध नाही. आता शेवटची सभा तेवढी राहिली होती. तीत होकार झाला की यंत्रं येणार होती.

घरी बायको, रोझलीन, म्हणाली होती, "आई नाही म्हणतेय."

"मग सभेत येऊन सांगू दे," मी रुबाबात म्हणालो. "घरातलं बोलणं सभेत धरता येत नाही. आपला कारभार पारदर्शक आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवण अर्धवट टाकून टोयोटा धुवायला गेलो.

त्याच आठवड्यात सरकारी तपासणी आली. जमीन मंडळांचा कारभार उघडपणे चालतो का, सगळ्यांचं ऐकून घेतात का, हे बघणारं एक खातं आहे. तिथून हॅडली नावाच्या बाई आल्या. पांढरी गाडी, पांढरी टोपी, नाक उन्हाने लाल झालेलं. मी त्यांना पत्र्याचं सभागृह दाखवलं.

"आमचं सगळं उघडं आहे, बाई. खिडक्या उघड्या, दार उघडं. दाराला तर कडीसुद्धा नाही."

कडी चोरीला गेली होती, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

"टेकडीखालचं पाणी ज्यांचं आहे, त्या बाई कुठे आहेत?" हॅडलीबाईंनी विचारलं. "त्या एकाही सभेला नव्हत्या असं दिसतंय. त्यांना कुणी अडवलंय का?"

"छे, छे! कोण अडवणार? दार उघडं आहे."

रोझलीन कोपऱ्यात चहाचे कप विसळत होती. ती वळलीसुद्धा नाही. "दार उघडंच आहे, बाई. पण दारात हा बसलाय ना."

माझ्या थोबाडीत बसावी तसं झालं. मी जिथे बसतो तिथे सासूबाई येऊच शकत नाहीत. एवढी वर्षं मी अध्यक्ष होतो, म्हणजे एवढी वर्षं त्या सभेबाहेर होत्या, आणि मी मात्र वर तोंड करून विचारत होतो, कुणाचा विरोध? मला हे कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. खुर्चीवर बसलं की काही गोष्टी न कळणं फार आरामाचं असतं.

हॅडलीबाईंना मात्र एवढंच कळलं की एका म्हातारीला सभेला आणायला कुणी नाही. मनाने चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती शेवटची सभा भरल्यावर, कुणाला न विचारता, त्या स्वतः सासूबाईंना पांढऱ्या गाडीत घालून थेट दारापाशी घेऊन आल्या. मी कुठे आहे हे विचारायला सासूबाईंकडे इंग्रजी नव्हतं, आणि गाडी आतून कशी उघडतात तेही त्यांना कळेना.

मी उभा राहून बोलत होतो. "मित्रांनो, विकासाच्या या वाटेवर..." आणि दारात निळी टोपी दिसली.

मी धूम ठोकली. मागच्या दाराला फ्रीज लावलेला, म्हणून स्वयंपाकघरातून चहा देतात त्या खिडकीत शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. माझा वॉली मामा, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, त्याने मागून ढकललं. "भाच्या, मानाची बाजू बाहेर गेली, आता बाकीचा अध्यक्ष पण जाऊ दे!" मी पलीकडे भांड्यांत पडलो, उठलो, बाहेर पळालो. इकडे सासूबाईही मला पाहून बाहेर पळाल्या होत्या. त्या डावीकडून, मी उजवीकडून, आणि सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यावर आम्ही एकमेकांवर आदळता आदळता वाचलो. मी शर्ट डोक्यावर ओढला. माझं पोट गावाने पाहिलं. त्यांनी टोपी तोंडावर ओढली असं म्हणतात. मधे त्यांची कुत्री, बिस्किट, दोघांवरही सारखीच भुंकत होती.

"हे काय चाललंय?" हॅडलीबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"कायदा चाललाय, बाई," वॉली मामा म्हणाला. "तुमच्याहून बराच जुना आहे, म्हणून जरा धावपळ होते."

मग मामाने बसून विचार केला. म्हाताऱ्या बायकांशी बोलला. शेवटी निकाल दिला. "ती आत, भिंतीकडे पाठ करून. हा बाहेर, भिंतीकडे पाठ करून. बोलायचं ते दोघांनी कुत्रीशी. भिंत आहे, पाठ आहे, कुत्री आहे. चालेल."

अशी ती सभा सुरू झाली. मी बाहेर धुळीत, पत्र्याला टेकून. दारात बिस्किट, अंग खाजवत.

आतून आवाज आला. मी दचकलो. सासूबाईंचा आवाज असा मी कधी ऐकलाच नव्हता. जाडसर होता आणि अजिबात घाईत नव्हता.

"बिस्किट, भिंतीपलीकडे कुणीतरी बसलंय म्हणतात. त्याला विचार, रस्ता कशाला हवा?"

"बिस्किट, सांग, दवाखान्याची गाडी वेळेवर यावी म्हणून." मी घसा साफ केला. "मागच्या वर्षी एक बाळ वाटेतच गेलं."

"ते बाळ माझ्या भाचीचं होतं, बिस्किट. मलाही रस्ता हवाय. त्याला विचार, खडी दुसरीकडून आणा, असं तो कंपनीला म्हणाला का?"

मी धुळीत बोटाने रेघा ओढू लागलो.

"बिस्किट, भिंत बोलत नाही का गं?"

आत हशा पिकला. "म्हणालो नाही," मी पुटपुटलो.

"का नाही म्हणाला?"

"कंपनीचा साहेब मला 'मिस्टर चेअरमन' म्हणत होता, बिस्किट. ते ऐकण्यात राहून गेलं."

या वेळी आत कुणी हसलं नाही. मग सासूबाई पाण्याबद्दल बोलू लागल्या. जेवढं सगळ्यांसमोर बोलता येतं तेवढंच. पाऊस रुसला होता त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन तिथपर्यंत कसं नेलं, आणि रस्ताभर आपण स्वतः प्यायलो नाही तरी चालेल असं कसं सांगत होते. तिथे पोचल्यावर आधी मुलीला पाजलं, मग बरोबरच्या कुत्र्याला, आणि मग स्वतः ओंजळ भरली. "बिस्किट, तू त्या कुत्र्याच्या वंशातली. तो प्यायला नसता तर आज तू इथे अंग खाजवत बसली नसतीस. मीही नसते, आणि माझी मुलगीही नसती. मग याचं लग्न कुणाशी झालं असतं?"

मी रडलो. सरळच सांगतो, धुळीत बसून ढसाढसा रडलो. बाहेर मला बघायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

मामा आतून ओरडला, "टेकडी फोडायला सगळ्यांचा नकार. खडी दुसरीकडची आणा म्हणून कंपनीला कळवायचं. अध्यक्षांचं मत काय?"

मी भिंतीबाहेर हात वर केला. तो फक्त बिस्किटने पाहिला. मग मी म्हणालो, "बिस्किट, सांग सगळ्यांना, मी खुर्ची सोडतो. मी तिथे असलो की ज्यांनी बोलायला हवं त्यांना बोलता येत नाही."

हॅडलीबाईंचं पेनसुद्धा थांबलं असावं.

"बिस्किट," सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, खुर्ची सोडायची नाही. कंपनीला कळवायला इंग्रजी येणारा माणूस लागेल. खुर्ची फक्त बाहेर ठेवायची."

पुढच्या सभेला मी जरा उशिरानेच गेलो, लाज वाटत होती. माझी खुर्ची कुणीतरी आधीच आतून उचलून बाहेर आणून ठेवली होती, उन्हातही नाही, बरोबर पत्र्याच्या सावलीत. तिच्याभोवती लाल मातीत पावलं उमटली होती. गुडघा दुखत असल्यासारखी जड, उजव्या पायाची करंगळी बाहेर फाकलेली. मी त्या पावलांवर पाय न ठेवता वळसा घालून गेलो आणि खुर्चीवर बसलो.