फळीतली फट

जवसाच्या तेलाचा वास आला की मला पूर्णा नदीतली ती शिडाची नाव आठवते. त्या साली विलायतेत आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, आगगाडी अजून यायची होती, आणि अकोल्याच्या एका कापूस-व्यापाऱ्यानं पावसाळ्याआधी आपली जुनी नाव दुरुस्तीला काढली होती. मी मूळचा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करणारा सुतार. ऐन वैशाखात आतल्या फळ्या मी मधे केससुद्धा जाणार नाही अशा घट्ट बसवल्या, डोलकाठीखालचा पाट नवा केला, सगळ्या लाकडाला तेल पाजलं. म्हातारा नावाडी बाजूला बसून बघत होता. "मिस्तरी, फट ठेवा जराशी. लाकूड पानी पिते," तो म्हणाला. "आमाले नका शिकवू," मी म्हटलं. नदीला पाणी आलं, नाव उतरवली, आणि चार दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना रेटत वर उचलल्या गेल्या, पाट सरकला आणि डोलकाठी कलली. व्यापारी काठावर येऊन गरजला, "कोनाचं काम व्हय हे?" मी मान खाली घातली. नावाडी म्हणाला, "पान्याचं, शेटजी." मग आम्ही दोघांनी एकेक फळी काढून तिला रंधा मारला. आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. उन्हाळ्यात दारं करताना त्यांना मी फट ठेवायला लावतो, आणि तरी कोणाचं काम बिघडलंच, तर मालकापुढे पाण्याचं नाव सांगतो.